प्रौढ वयात महाविद्यालयात परतणारे विद्यार्थी आणि 'मागणी असलेल्या' नोकऱ्या : वडनेर भोलजी परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

शिक्षण अर्धवट सोडून संसारात, शेतीत वा मजुरीत गुंतलेली व्यक्ती तिशी-पस्तिशीत पुन्हा महाविद्यालयात येते, तेव्हा 'सध्या कोणत्या नोकरीला मागणी आहे?' हा तिचा पहिला प्रश्न असतो. वृत्तपत्रांतील याद्या या प्रश्नाचे उत्तर बाविशीतील, कोठेही जाण्यास मोकळ्या असलेल्या तरुणाला गृहीत धरून देतात. बुलडाणा जिल्ह्याच्या नांदुरा तालुक्यातील वडनेर भोलजीसारख्या गावात राहणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याला त्या याद्यांचा फारसा उपयोग होत नाही. अभ्यासक्रम पूर्ण होईल त्या दिवशी जी नोकरी वयाने, नियमाने व अंतराने आवाक्यात असेल, तीच त्याच्या दृष्टीने मागणीची नोकरी होय.

वयाचा हिशोब

महाराष्ट्र शासनाच्या सेवेत सरळसेवा प्रवेशाची सर्वसाधारण कमाल वयोमर्यादा २०१६ पासून खुल्या प्रवर्गासाठी ३८ व मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षे आहे. पोलीस शिपाई भरतीत ती याहून बरीच कमी आहे. खुल्या प्रवर्गातील ३४ वर्षांच्या व्यक्तीने तीन वर्षांच्या पदवीला प्रवेश घेतल्यास ती ३७ व्या वर्षी पदवीधर होते. भरतीची एखादीच फेरी तिच्या वाट्याला येते. त्यापुढे दोन वर्षांचे बी.एड. केले की वय ३९ होते आणि सर्वसाधारण मर्यादा ओलांडली जाते. हे गणित प्रवेशाच्या वेळी कोणी मांडून दाखवीत नाही, ही खेदाची बाब आहे.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा लागतो. काही क्षेत्रांत वयाची अट नोकरीला असते, तर काहींत अभ्यासक्रमाच्या प्रवेशाला. तीन वर्षांच्या जी.एन.एम. परिचर्या अभ्यासक्रमास कमाल वय ३५ आहे. म्हणजे ३४ व्या वर्षी दार उघडे असते, आणखी दोन वर्षे थांबल्यास ते बंद होते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील प्रवेशास किमान १४ वर्षे वय लागते, कमाल मर्यादा मात्र नाही. वीजतंत्री वा डिझेल मेकॅनिक यांना नोकरी न मिळाल्यास स्वतःचे काम सुरू करता येते. मलकापूर व नांदुरा यांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्गावर वसलेल्या या गावाच्या आसपास वाहनदुरुस्ती, जिनिंगमधील यंत्रे आणि २०१९ च्या 'कुसुम' योजनेपासून वाढत गेलेले सौर कृषी पंप यांच्यासाठी अशा हातांची गरज असते.

दूरशिक्षणाची मर्यादा

१९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने काम न सोडता शिकण्याची सोय केली. तिचे मोल मोठे आहे. तथापि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार परिचर्या, औषधनिर्माण, अभियांत्रिकी, विधी, कृषी असे विषय दूरस्थ पद्धतीने शिकविता येत नाहीत. म्हणजे परवान्यावर वा प्रात्यक्षिकावर उभ्या असलेल्या ज्या व्यवसायांना मागणी आहे, त्यांपैकी बहुतेक घरी बसून शिकता येत नाहीत. प्रौढ विद्यार्थ्यास त्यासाठी रोज वर्गात जावे लागते व तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते. शुल्कमाफीने ही तूट भरून निघत नाही. २०२१ मध्ये सुरू झालेल्या श्रेयांक बँकेत श्रेयांक साधारणतः सात वर्षे ग्राह्य असतात; पंधरा वर्षांपूर्वी शिक्षण सोडलेल्यास तिचा आधार मिळत नाही.

पूर्वीचा एक दाखला

१९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाने हा प्रश्न उलट्या टोकाने सोडविला होता. रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांच्या या संस्थेने प्रौढ स्त्रियांना, विशेषतः विधवांना, परिचारिका व शिक्षिका होण्याचे शिक्षण दिले. रुग्णालये व कन्याशाळा यांना माणसे हवी होती. अभ्यासक्रम त्या गरजेवरून ठरले.

महाविद्यालयाचे काम

प्रवेशअर्जात जन्मतारीख असतेच. तिच्याशेजारी अभ्यासक्रम पूर्ण होतानाचे वय व इच्छित पदाची वयोमर्यादा असे दोन रकाने वाढविता येतात. बुलडाण्याच्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राकडील रिक्त पदांची माहिती त्यांना जोडली, तर प्राध्यापक विद्यार्थ्याशी प्रवेशापूर्वीच बोलू शकेल. आणि प्रसंगी, 'आपल्या महाविद्यालयाऐवजी प्रशिक्षण संस्थेत जावे,' असेही त्यास सांगावे लागेल.