दोनशे नवव्या नंबरचा संघ

वर्गात शेवटचा नंबर येणाऱ्या पोराला सगळी वस्ती ओळखते. मास्तर त्याला प्रश्न विचारीत नाहीत. शेजारीपाजारी विचारतात, पण ते चिडवायला. घरी बाप वैतागून म्हणतो, "जमत नसेल तर सोड शाळा, लाग कामाला."

फुटबॉलच्या शाळेत असाच एक देश होता. त्याचे नाव भूतान. मार्च २०१५ मध्ये फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या यादीत भूतानचा नंबर होता २०९ वा, आणि यादीत एकूण देशही २०९ च होते. म्हणजे खाली कोणीच नाही! त्या वर्षी या शेवटच्या नंबरच्या संघाने जे करून दाखविले, ते आपल्या मुलांना सांगण्याजोगे आहे.

डोंगरातला छोटा देश

भूतान हा हिमालयाच्या कुशीतला बौद्ध देश. लोकसंख्या साधारण साडेसात लाख, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. तिथला राष्ट्रीय खेळ धनुर्विद्या. टीव्हीसुद्धा तिथे १९९९ साली आला. २००० साली भूतानला फिफाचे सदस्यत्व मिळाले. त्याच वर्षी आशिया चषकाच्या पात्रता फेरीत कुवेतने या संघावर वीस गोल चढविले. वीस विरुद्ध शून्य! दुसरा एखादा संघ घरी जाऊन बूट खुंटीला टांगून बसला असता.

भूतान खेळत राहिला. ३० जून २००२ रोजी, ज्या दिवशी जपानमध्ये ब्राझील आणि जर्मनी यांच्यात विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, त्याच दिवशी भूतानची राजधानी थिंफू येथे यादीतल्या तळाच्या दोन संघांचा सामना भरविला गेला. भूतानने कॅरिबियन समुद्रातल्या माँटसेराट बेटाच्या संघाला ४-० ने हरविले. या सामन्यावर पुढे चित्रपटही निघाला.

पण विश्वचषकाची पात्रता ही गोष्ट वेगळी. तिथे भूतान कधी मैदानात उतरलाच नव्हता. २०१० च्या विश्वचषकासाठी एकदा नाव दिले होते, कुवेतशी गाठही पडली होती, पण संघाने माघार घेतली. आपल्या भाषेत सांगायचे तर परीक्षेचा फॉर्म भरला, पण पेपरला बसलाच नाही. जो पेपरला बसत नाही, तो नापासही होत नाही आणि पासही होत नाही.

कोलंबोतली पहिली परीक्षा

२०१८ च्या विश्वचषकासाठी मात्र भूतानने ठरविले, बसायचेच. आशियातली पहिली फेरी ही तळाच्या बारा संघांची होती. दोन-दोन संघांची जोडी. एक सामना आपल्या घरी, एक समोरच्याच्या घरी. दोन्ही सामन्यांचे गोल मिळून ज्याचे जास्त, तो पुढे. भारतही याच फेरीत होता. १२ मार्च २०१५ रोजी गुवाहाटीत भारताने नेपाळला २-० ने हरविले, दोन्ही गोल सुनील छेत्रीचे.

भूतानची गाठ पडली श्रीलंकेशी. श्रीलंका आपल्या घराघरांत ठाऊक आहे. १९५० साली बाबासाहेब तिथल्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. दोन्ही देशांत बहुसंख्य लोक बौद्ध, तेव्हा टाळी कोणासाठी वाजवायची, हा आपल्यासारख्यांपुढे गोड पेच! पण खेळाच्या हिशेबात लढत विषम होती. श्रीलंकेचा संघ यादीत तीसहून अधिक पायऱ्यांनी वर होता.

भूतानच्या संघात पगारी खेळाडू जवळजवळ नव्हतेच. बहुतेक जण शिकणारे किंवा नोकरी सांभाळून खेळणारे. कर्णधार कर्मा शेड्रुप शेरिंग हे तर व्यवसायाने वैमानिक. थायलंडमध्ये क्लब फुटबॉल खेळलेला चेंचो ग्येल्तशेन हा अठरा वर्षांचा पोरगा, त्याच्यावर सगळी मदार.

१२ मार्चला कोलंबोत पहिला सामना झाला. ऐंशी मिनिटे उलटली तरी गोल नाही. बरोबरी झाली असती तरी भूतानने आनंद मानला असता. पण ८४ व्या मिनिटाला शेरिंग दोर्जी याने चेंडू जाळ्यात धाडला. भूतान १, श्रीलंका ०. विश्वचषकाच्या पात्रतेतला आयुष्यातला पहिला सामना, तोही परक्या मैदानावर, आणि शेवटच्या नंबरचा संघ जिंकला.

थिंफूतली शेवटची मिनिटे

पाच दिवसांनी, १७ मार्चला, थिंफूच्या चांगलिमिथांग मैदानावर दुसरा सामना. थिंफू समुद्रसपाटीपासून तेवीसशे मीटरहून उंच. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटर, म्हणजे त्याच्याही कितीतरी वर. समुद्रकाठच्या खेळाडूंना तिथली विरळ हवा जड जाते, श्वास पुरत नाही. घरच्या लोकांची गर्दी होतीच.

पाचव्या मिनिटालाच चेंचोने गोल केला. पण श्रीलंकेने पहिल्या अर्ध्या खेळातच बरोबरी साधली. १-१.

इथे एक नियम समजून घेऊ, म्हणजे त्या दिवशीची धडधड कळेल. दोन सामने मिळून गोल सारखे झाले, तर परक्या मैदानावर ज्याचे गोल जास्त, तो संघ पुढे जाई. भूतानकडे एका गोलची आघाडी होती, परंतु श्रीलंकेने आणखी एक गोल केला असता तर एकूण हिशेब २-२ झाला असता. परक्या मैदानावर श्रीलंकेचे दोन, भूतानचा एक. भूतान बाहेर! सगळा दुसरा अर्धा खेळ या एका गोलच्या धाकात गेला.

अखेर ९० व्या मिनिटाला चेंचोनेच दुसरा गोल केला. २-१. दोन्ही सामने मिळून ३-१. पुढच्याच महिन्यातल्या यादीत भूतान २०९ वरून १६३ व्या नंबरवर आला.

विजयानंतर काय?

इथेच गोष्ट थांबविली तर ती सिनेमातली होईल. पुढे जे झाले तेही सांगितले पाहिजे. दुसऱ्या फेरीत भूतानच्या गटात चीन, कतार, हाँगकाँग आणि मालदीव. आठ सामने झाले आणि आठही भूतान हरला. हाँगकाँगने सात गोल केले, चीनने एकदा सहा आणि एकदा बारा, कतारने दोहात पंधरा. एकूण बावन्न गोल खाल्ले, पाच केले.

मग मिळविले काय? जरा बारकाईने पाहा. पहिली फेरी हरले असते, तर दोन सामन्यांतच खेळ आटोपला असता. जिंकल्यामुळे आशियातल्या बलाढ्य संघांशी आठ सामने खेळायला मिळाले. ज्या हाँगकाँगने आपल्या घरी ७-० ने धुतले, त्याच हाँगकाँगला थिंफूत जेमतेम एका गोलने जिंकता आले. मालदीवशी घरचा सामना ३-४ असा गेला. ज्या कतारने दोहात पंधरा गोल केले, त्याला थिंफूत तीनच करता आले. चेंचोला पुढे भारतात संधी मिळाली, आणि २०१७-१८ च्या आय-लीगचे विजेतेपद पटकाविणाऱ्या मिनर्व्हा पंजाब संघात तो होता.

वाचकहो, आपल्या वस्त्यांतली पोरे मोकळ्या मैदानावर, रेल्वेच्या कडेला, फाटक्या चेंडूने खेळतात. काही स्पर्धेत नाव घालतात, काही स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसतात, काही पोलीस भरतीत धावतात. पुष्कळदा हरून घरी येतात. त्या वेळी घरात पहिला प्रश्न कोणता विचारला जातो, यावर पुष्कळ अवलंबून असते. "कितीने हरलास?" असे विचारले की पोर पुढच्या वेळी नावच घालीत नाही. मुलगा असो वा मुलगी, हरून आलेल्या लेकराला आधी पाणी द्या, जेवू घाला, आणि मग एवढेच विचारा, "पुढची मॅच कधी आहे?"