पाळीतले दुखणे, 'चॉकलेटची गाठ' आणि कॅन्सरची भीती

कासुर्डीत पौर्णिमेचा कार्यक्रम आटोपल्यावर एक ताई माझ्याजवळ येऊन बसल्या. वय छत्तीस. पिशवीतून सोनोग्राफीचा कागद काढून म्हणाल्या, "सिस्टर, अंडाशयात गाठ निघालीय. डॉक्टर म्हणतात, पुढं कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका. काय करू?"

बारा वर्षे त्या पाळीत गडाबडा लोळत होत्या. "बाईच्या जातीला दुखायचंच," असे म्हणून सगळ्यांनी ते अंगावर काढायला लावले. आता एकदम कॅन्सरचे नाव. आधी दुर्लक्ष आणि मग घाबरवणे, या दोन्हींच्या मधले खरे काय ते आज पाहू.

आजार नेमका काय?

गर्भाशयाला आतून अस्तर असते. गर्भ राहिला नाही की ते दर महिन्याला गळून पडते, तीच पाळी. काही जणींमध्ये या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, म्हणजे अंडाशयावर, गर्भनलिकांवर, आतड्यावर वाढतात. याला एन्डोमेट्रिओसिस म्हणतात. पाळीच्या वेळी या पेशींतूनही रक्त सुटते, पण त्याला बाहेर जायला वाट नसते. ते आतच साचते, सूज येते, अवयव एकमेकांना चिकटतात. अंडाशयात साचून जुने झालेले रक्त घट्ट, तपकिरी होते. म्हणून त्या गाठीला 'चॉकलेट सिस्ट' म्हणतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळी सुरू असलेल्या वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना, म्हणजे जगात १९ कोटी जणींना, हा आजार आहे. निदान व्हायला अनेकदा ४ ते १२ वर्षे जातात. 'दुखायचंच' या एका शब्दात ती वर्षे निघून जातात.

कॅन्सरशी नाते आहे का?

आहे. १९२५ मध्ये अमेरिकेतील डॉ. जॉन सॅम्पसन यांनी अशा गाठीतून अंडाशयाचा कॅन्सर उद्भवू शकतो हे दाखवले. २०१० मध्ये कॅनडातील संशोधकांना पेशींच्या वाढीला लगाम घालणाऱ्या एका जनुकात बिघाड आढळला. तो कॅन्सरच्या गाठीत होता आणि काही रुग्णांमध्ये शेजारच्या एन्डोमेट्रिओसिसमध्येही होता. २०१२ च्या एका मोठ्या विश्लेषणात अंडाशयाच्या 'क्लिअर सेल' कॅन्सरचा धोका सुमारे तिप्पट आणि 'एन्डोमेट्रिऑइड' प्रकाराचा सुमारे दुप्पट दिसला. सर्वांत जास्त आढळणाऱ्या, वेगाने वाढणाऱ्या प्रकाराशी मात्र संबंध दिसला नाही.

२०२४ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातील अभ्यासात एकूण धोका सुमारे चौपट निघाला. अंडाशयात गाठ किंवा खोलवर पसरलेला आजार असलेल्यांत तो जवळजवळ दहापट होता.

'चौपट', 'दहापट' ऐकून पोटात गोळा येतो. पण कशाच्या चौपट, हे विचारायला शिका. अंडाशयाचा कॅन्सर मुळातच कमी जणींना होतो. त्याच अभ्यासाचा हिशेब असा, की एन्डोमेट्रिओसिस असलेल्या दर १०,००० स्त्रियांमागे सुमारे १० रुग्ण जादा. यवतच्या बाजारात हा आजार असलेल्या दहा हजार बाया जमल्या, तर त्यांतल्या साधारण दहा जणींना जादा. बाकीच्यांना या आजारामुळे हा कॅन्सर होत नाही. गाठ असेल तर लक्ष जास्त हवे, पण गाठ म्हणजे कॅन्सर नव्हे.

मग पिशवी काढावी का?

दरवर्षी हंगामात आपल्या भागात ऊसतोड टोळ्या येतात. त्या कोप्यांवर जाऊन विचारा, तिशीतच पिशवी काढलेल्या किती जणी आहेत. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील हा प्रश्न गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वेक्षणात १३ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीमुळे खाडा पडतो, खाड्याचा दंड बसतो आणि वर कॅन्सरची भीती. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याचे आदेश राज्यांना दिले. भीती कोणाला घातली जाते? जिच्याकडे दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला पैसा आणि वेळ नाही तिला.

आता नीट विचार करा. हा आजार गर्भाशयाच्या बाहेर असतो आणि हा कॅन्सर अंडाशयाचा असतो. नुसती पिशवी काढल्याने दोन्ही प्रश्न सुटतीलच असे नाही. कमी वयात दोन्ही अंडाशये काढली तर हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. काहींना शस्त्रक्रिया खरोखर लागते. पण ती तपासणीनंतर, कारण समजून घेऊन आणि शक्यतो दुसरे मत घेऊन व्हावी.

दुसरे उपायही आहेत. वेदनाशामक आणि हॉर्मोनच्या गोळ्यांनी अनेकींना आराम पडतो. संततिनियमनाच्या संयुक्त गोळ्यांनी अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका कमी होतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. मात्र त्या सगळ्यांना चालत नाहीत, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

हे दिसल्यास थांबू नका

- पोट सतत फुगलेले राहणे, थोडे खाल्ले तरी पोट भरणे
- ओटीपोटात रोज दुखणे, वारंवार लघवी
- पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणे
- जुनी गाठ अचानक वाढणे, विशेषतः चाळिशीनंतर

'सीए-१२५' ही रक्ततपासणी एन्डोमेट्रिओसिसमध्येही वाढलेली येते. त्या एका आकड्यावरून घाबरू नका आणि शस्त्रक्रियेला होकारही देऊ नका.

आधी यवतचे ग्रामीण रुग्णालय किंवा दौंडचे उपजिल्हा रुग्णालय, गरज पडल्यास पुण्याचे ससून. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार येतात. जाताना तीन प्रश्न लिहून न्या: गाठ कोणत्या प्रकारची? शस्त्रक्रिया आत्ताच का? नाही केली तर काय होईल? आणि सगळे कागद जपून ठेवा.

त्या ताईंनी दुसरे मत घेतले. गोळ्या सुरू झाल्या, ठरावीक मुदतीने सोनोग्राफी होते, पिशवी जागेवर आहे. त्यांची लेक आठवीत आहे. पाळीत तिलाही शाळा बुडवावी लागते. या वेळी मात्र त्या तिला "दुखायचंच" म्हणाल्या नाहीत. तिला घेऊन दवाखान्यात गेल्या.