हवेतील प्रतिमा : प्रकाश, पडदा आणि सार्वजनिक पैसा

नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या 125 व्या जयंतीच्या निमित्ताने 23 जानेवारी 2022 रोजी नवी दिल्लीत इंडिया गेटजवळील छत्रीखाली त्यांच्या ‘होलोग्राम पुतळ्या’चे पंतप्रधानांच्या हस्ते अनावरण झाले. पंचम जॉर्ज यांचा पुतळा 1968 मध्ये हलविल्यापासून ही छत्री रिकामी होती. तेथे 28 फूट उंच व 6 फूट रुंद अशी नेताजींची आकृती अंधारात तरंगताना दिसू लागली. त्यानंतर सहाच दिवसांनी, 29 जानेवारीला, त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला विजय चौकात ‘बीटिंग रिट्रीट’ समारंभ झाला. तेव्हा 1,000 ड्रोननी रायसीना टेकडीच्या आकाशात प्रकाशाच्या आकृत्या रेखाटल्या.

एकाच आठवड्यात राजधानीने हवेत उमटणाऱ्या प्रतिमांचे दोन प्रयोग पाहिले. प्रेक्षकाला दोन्ही सारखेच विस्मयकारक वाटले असतील. तंत्र, खर्चाचे स्वरूप आणि देशाच्या उत्पादनक्षमतेत पडलेली भर या तीनही कसोट्यांवर मात्र ते परस्परांपासून फार भिन्न आहेत. संग्रहालये, स्मारके, विमानतळ आणि शाळा यांच्यासाठी अशी साधने घेण्याचा विचार ठिकठिकाणी होत असताना हा फरक समजून घेणे आवश्यक आहे.

होलोग्राम म्हणजे काय?

हवेत दिसणाऱ्या कोणत्याही चित्राला आज सर्रास ‘होलोग्राम’ म्हटले जाते. शास्त्रीय दृष्ट्या हे नाव सैल आहे. हंगेरीत जन्मलेले ब्रिटिश शास्त्रज्ञ डेनिस गाबोर यांनी 1947 मध्ये होलोग्राफीचा सिद्धांत मांडला आणि त्याबद्दल त्यांना 1971 चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. साध्या छायाचित्रात वस्तूवरून आलेल्या प्रकाशाची केवळ तीव्रता नोंदली जाते. होलोग्राममध्ये प्रकाशलहरींची कलाही नोंदली जाते. त्यामुळे पाहणाऱ्याने मान हलविली की वस्तूची दुसरी बाजू दिसू लागते. 1960 मध्ये लेसरचा शोध लागल्यानंतर हे तंत्र व्यवहारात आले. बँकेच्या कार्डावरील चकाकणारी चौकट हे त्याचेच एक रूप होय.

इंडिया गेटजवळील आकृती या अर्थाने होलोग्राम नव्हती. ते 30,000 ल्युमेन क्षमतेच्या ‘फोर-के’ प्रोजेक्टरने 90 टक्के पारदर्शक पडद्यावर टाकलेले चित्र होते. यात कमीपणा काही नाही. परंतु ज्याला खरेदीचा निर्णय घ्यावयाचा आहे त्याला आपण काय विकत घेत आहोत हे ठाऊक असले पाहिजे.

प्रकाशाला आधार लागतो

या सर्व तंत्रांच्या मुळाशी एक साधा नियम आहे. प्रकाशाचा झोत बाजूने दिसत नाही. तो कशावर तरी आदळून डोळ्यांकडे वळावा लागतो. कवडशात तरंगणारे धूलिकण दिसतात म्हणून कवडसा दिसतो. स्वच्छ हवेत चित्र उमटविणे त्यामुळेच अवघड असते. तंत्रज्ञांनी या अडचणीवर चार मार्ग काढले आहेत.

पहिला मार्ग पारदर्शक पृष्ठभागाचा. लंडनमध्ये 1862 च्या डिसेंबरात जॉन हेन्री पेपर यांनी रंगमंचावर तिरकी काच उभी करून तिच्यात दडलेल्या नटाचे प्रतिबिंब भुतासारखे दाखविले. मूळ कल्पना हेन्री डर्क्स यांची होती. आजच्या अनेक ‘होलोग्राम’ सभांमध्ये काचेची जागा पातळ फिल्मने घेतली आहे. तत्त्व तेच राहिले आहे. महाराष्ट्रालाही प्रकाशाच्या खेळाची परंपरा आहे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ हा जादूच्या कंदिलाचा खेळ सुरू केला. काचपट्ट्यांवर हाताने रंगविलेली चित्रे एकाहून अधिक कंदिलांनी आलटून पालटून पडद्यावर टाकून हालचालीचा भास निर्माण केला जाई.

दुसरा मार्ग धुके किंवा पाण्याचे तुषार यांचा. फिनलंडमधील टाम्पेरे तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी या शतकाच्या प्रारंभी बारीक धुक्याचा सपाट पडदा तयार केला. माणूस त्यातून चालत जाऊ शकतो आणि चित्र क्षणार्धात पुन्हा जुळते. तिसरा मार्ग आरशांचा. असंख्य सूक्ष्म आरशांची पट्टी एखाद्या पडद्यावरून निघालेले किरण दुसऱ्या बाजूला पुन्हा एकत्र आणते आणि तेथे, रिकाम्या हवेत, प्रतिमा तयार होते. ती फक्त पट्टीच्या दिशेने पाहणाऱ्यालाच दिसते. चौथा मार्ग प्रखर लेसरचा. 2006 मध्ये जपानमध्ये लेसरने हवेतील बिंदूंचे आयनीभवन करून त्रिमितीय ठिपके उजळविण्यात आले. हा मार्ग अद्याप मुख्यतः प्रयोगशाळेतच आहे.

प्रतिमेला ‘स्पर्श’ करता यावा यासाठी वेगळी यंत्रणा लागते. अवरक्त किरणांचा संवेदक किंवा खोली मोजणारा कॅमेरा बोटाचे स्थान टिपतो, संगणक ते चित्रातील कळीशी जुळवितो आणि कळ ‘दाबली’ गेली असे मानतो. थोडक्यात, प्रतिमा व संवाद ही दोन स्वतंत्र यंत्रे आहेत; त्यांची किंमत आणि बिघाडही स्वतंत्र असतात.

दिव्याचे गणित

इंडिया गेटची प्रतिमा अंधार पडल्यावरच का दिसे, याचे उत्तर साध्या भागाकारात आहे. 28 गुणिले 6 म्हणजे 168 चौरस फूट, अर्थात सुमारे 15.6 चौरस मीटर. प्रोजेक्टरचे सर्व 30,000 ल्युमेन एवढ्याच जागेवर पडले असे मानले तरी प्रत्येक चौरस मीटरला सुमारे 1,900 ल्युमेन, म्हणजे 1,900 लक्स प्रकाश मिळतो. दुपारच्या थेट उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. शिवाय पडदा 90 टक्के पारदर्शक असल्याने बराचसा प्रकाश आरपार निघून जातो. चित्रातील काळा भाग म्हणजे प्रकाशाचा अभाव. तेथे मागचे दृश्य तसेच दिसते. आकृती ‘तरंगते’ ती यामुळेच, आणि दिवसा लोपते तीही यामुळेच. याखेरीज उघड्यावर ताणलेला पडदा शिडासारखा वारा अडवितो आणि धूळ त्याची पारदर्शकता कमी करते. दिल्लीसारख्या शहरात या दोन्ही बाबी गौण नाहीत.

ही प्रतिमा तात्पुरती असल्याचे शासनाने प्रारंभीच स्पष्ट केले होते. 8 सप्टेंबर 2022 रोजी त्याच छत्रीखाली नेताजींचा 28 फूट उंचीचा ग्रॅनाइटचा पुतळा उभा राहिला. तेलंगणातील खम्मम येथून 1,665 किलोमीटरचा प्रवास करून आलेल्या 280 टनांच्या शिळेतून शिल्पकार अरुण योगीराज यांच्या नेतृत्वाखालील चमूने 65 टनांचा पुतळा घडविला. त्यासाठी 26,000 मनुष्यतास लागले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही तुलना बोधप्रद आहे. दगडाचा जवळजवळ सर्व खर्च एकदाच होतो आणि त्याचा घसारा शतकांनी मोजावा लागतो. प्रकाशाच्या प्रतिमेचे तसे नसते. प्रोजेक्टरचा प्रकाशस्रोत मंदावतो, पडदा बदलावा लागतो, वीज व तंत्रज्ञ रोज लागतात. उलट, एकदा तयार केलेले चित्र दुसऱ्या शहरात दाखविण्यास फारसा जादा खर्च येत नाही आणि आशयही बदलता येतो. म्हणून जेथे आशय वारंवार बदलावयाचा आहे, अंधार व छप्पर उपलब्ध आहे आणि प्रेक्षकसंख्या मोठी आहे, तेथे हे तंत्र परवडते. 14 एप्रिल 2022 रोजी तीन मूर्ती परिसरात खुल्या झालेल्या प्रधानमंत्री संग्रहालयात होलोग्राम, आभासी वास्तव व बहुस्पर्शी पडदे बंदिस्त दालनांत वापरले आहेत. तेथे या अटी बऱ्याच अंशी पूर्ण होतात. जिल्ह्याच्या ठिकाणच्या लहान संग्रहालयाने त्याचे अनुकरण करताना यंत्राच्या किमतीबरोबर दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद मांडली नाही, तर काही काळाने हाती फक्त काळोखी खोली उरण्याचा धोका असतो.

खरेदी आणि क्षमता

विजय चौकातील ड्रोन प्रयोगाची कथा वेगळी आहे. तो सादर करणारी ‘बॉटलॅब डायनॅमिक्स’ ही कंपनी दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या परिसरात वाढली. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या अखत्यारीतील तंत्रज्ञान विकास मंडळाने तिला संशोधनासाठी प्रारंभी 1 कोटी रुपये आणि पुढे विस्तारासाठी अडीच कोटी रुपयांचे साहाय्य दिले. उड्डाण नियंत्रक, अचूक स्थाननिश्चिती, मोटर नियंत्रक आणि जमिनीवरील नियंत्रण केंद्राची संगणकीय आज्ञावली देशातच विकसित करण्यात आली. 1,000 ड्रोनचा असा प्रयोग करणारा भारत हा चीन, रशिया व ब्रिटन यांच्यानंतरचा चौथा देश असल्याचे तेव्हा शासनाने सांगितले. पुढील वर्षीच्या समारंभासाठी 3,500 ड्रोनच्या प्रयोगाची घोषणा झाली.

चित्राच्या दर्जाचाच विचार केला तर ड्रोन मागे पडतात. फोर-के चित्रात सुमारे 83 लाख बिंदू असतात. 1,000 ड्रोनच्या चित्रात केवळ 1,000. परंतु ही प्रतिमा खऱ्या अर्थाने त्रिमितीय असते, तिला पडदा लागत नाही आणि ती दूरवरून दिसते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यासाठी मिळविलेले कौशल्य मनोरंजनापुरते मर्यादित राहत नाही. शेकडो यंत्रांना परस्परांवर न आदळता हालविण्याची विद्या शेती, सर्वेक्षण व आपत्ती निवारण यांतही उपयोगी पडू शकते.

धोरणानेही या दिशेला साथ दिली. ऑगस्ट 2021 मध्ये उदार ड्रोन नियम आले, त्यानंतर देशी उत्पादनाला तीन वर्षांत 120 कोटी रुपयांच्या प्रोत्साहनाची योजना जाहीर झाली आणि फेब्रुवारी 2022 मध्ये काही अपवाद वगळून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली. सुट्या भागांची आयात खुली राहिली. प्रदर्शन पडद्यांच्या क्षेत्रात परिस्थिती अधिक कठीण आहे. अनेक मोठ्या प्रोजेक्टरचा गाभा असलेली सूक्ष्म आरशांची चिप अमेरिकेतील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत 1987 मध्ये शोधली गेली. अशा घटकांचे उत्पादन भांडवलप्रधान असते. डिसेंबर 2021 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या 76,000 कोटी रुपयांच्या सेमीकंडक्टर कार्यक्रमात प्रदर्शन पडद्यांच्या कारखान्यांचाही समावेश करण्यात आला, तो याच उणिवेमुळे.

स्पर्शाविना सेवा

कोविड साथीच्या काळात हवेतील कळींची कल्पना जगभर आकर्षक ठरली. उद्वाहन, तिकीटयंत्र किंवा रुग्णालयातील नोंदणी यांना हात न लावता काम व्हावे, ही अपेक्षा रास्त होती. परंतु कोणत्याही तंत्राची उपयुक्तता त्याच्या पर्यायांशी तुलना करूनच ठरते. डिसेंबर 2022 मध्ये दिल्ली विमानतळावर सुरू झालेल्या ‘डिजियात्रा’ने चेहऱ्याच्या ओळखीचा मार्ग निवडला. दुकानदाराने तर कागदावर छापलेला क्यूआर कोड भिंतीला चिकटविला आणि ग्राहकाच्या खिशातील मोबाइललाच पडदा बनविले. जेथे काही रुपयांचा कागद काम करतो, तेथे महागड्या आरशांच्या पट्टीला आपले वेगळे प्रयोजन सिद्ध करावे लागेल.

समावेशकतेचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. दृष्टिबाधित व्यक्ती दगडी पुतळ्यावरून हात फिरवू शकते. हवेतील प्रतिमा तिच्या हाताला लागत नाही. श्राव्य लहरींपलीकडील ध्वनीने त्वचेवर स्पर्शाचा भास निर्माण करण्याचे तंत्र परदेशात विकसित झाले आहे, तथापि ते ब्रेलची जागा घेऊ शकत नाही. आरशांच्या पट्टीची प्रतिमा ठराविक उंचीवरूनच नीट दिसत असल्याने चाकाच्या खुर्चीवरील व्यक्ती आणि लहान मूल यांनाही ती गवसत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार सार्वजनिक सेवा सर्वांना सुगम असणे अपेक्षित आहे. म्हणून आवाज, ब्रेल आणि साधी कळ यांची जोड निविदेच्या अटींतच असावयास हवी. नंतर केलेली दुरुस्ती महाग पडते आणि पुष्कळदा होतच नाही.

हवेत चित्र उमटविण्याचे कौतुक काही वर्षांत ओसरेल. शांबरिक खरोलिकेचेही सिनेमा येताच ओसरले. मागे उरेल ते त्या निमित्ताने देशात निर्माण झालेले ज्ञान, आणि ज्यांच्यासाठी पैसा खर्च झाला त्या नागरिकाला मिळालेला उपयोग. कोणताही प्रस्ताव संमत करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : हे यंत्र नेमके कोणते आहे, दहाव्या वर्षी ते कोण चालविणार आहे, आणि ज्याला दिसत नाही किंवा ज्याचा हात तेथवर पोहोचत नाही त्याच्यासाठी कोणती सोय आहे? तिन्हींची उत्तरे मिळाली, तर खर्च गुंतवणूक ठरेल.