जाळी पडली पाहिजे

अनारसा जमला की फसला, हे चाखायच्या आधीच कळतं. जाळी पडली पाहिजे. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला लागून असलेल्या मोल्नडालमध्ये वाढलेल्या आर्कॅम कंपनीच्या यंत्राचीही परीक्षा जाळीवरच होते. ती जाळी टायटॅनियमची असते आणि तिच्या भोकांत माणसाचं हाड वाढायचं असतं.

टायटॅनियम आणि हाडाची सोयरीक गोथेनबर्गशीच जोडलेली आहे. पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी 1950च्या दशकात सशाच्या पायात बसवलेली टायटॅनियमची डबी हाडापासून सुटेचना. पुढे 1965मध्ये त्यांनी गोथेनबर्गलाच पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे खुंट रोवले. म्हणजे धातू हाडाला पटला होता. नडत होता तो त्याचा ताठपणा.

कृत्रिम सांध्यांसाठी वापरतात त्या टायटॅनियमच्या मिश्रधातूचा ताठपणा सुमारे 110 गिगापास्कल, मांडीच्या हाडाच्या कठीण कवचाचा 15 ते 20. दोघांनी मिळून ओझं उचलायचं म्हटलं की ताठ गडी ते एकटाच अंगावर घेतो. हाड बसून राहतं, आणि बसून राहिलेलं हाड शरीर पोसत नाही. ते हळूहळू विरतं. हाड भारानुसार घडतं नि मोडतं, हे बर्लिनच्या यूलियुस वोल्फ यांनी 1892मध्येच मांडलं होतं.

म्हणून जाळीचा आराखडा करणाऱ्याचं काम जरा उफराटंच. मजबूत धातूला बेतानं दुबळं करायचं. साध्या काड्यांच्या जाळीत ताठपणा साधारण घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो. आकारमानाच्या 30 टक्केच धातू ठेवला, तर 110चे जेमतेम 10 उरतात. 20 टक्के ठेवला तर साडेचारच्या आसपास. भोकांचंही गणित असतं. ती फार बारीक असली तर रक्तवाहिन्या आत शिरत नाहीत, फार मोठी असली तर पेशींना टेकायला भिंतच पुरत नाही. बहुतेक जण 300 ते 600 मायक्रॉनच्या दरम्यान थांबतात.

मला स्वतःला काड्यांच्या जाळीपेक्षा जायरॉइड आवडतो. नासातले ॲलन शोन यांनी 1970च्या अहवालात वर्णन केलेला हा वळणदार पृष्ठभाग. त्याला कुठे सांधा नाही की कोपरा नाही, त्यामुळे ताण एका जागी साचत नाही. शिवाय खोलगट वळणावर पेशींची भर लवकर पडते. हा पृष्ठभाग मांडताना हाडाचा विचार कुणाच्या मनातही नव्हता; शोन हलक्या, मजबूत रचना शोधत होते.

आराखडा पडद्यावर कितीही देखणा असो, शेवटी गाठ भुकटीशी पडते. आर्कॅम 1997मध्ये स्थापन झाली ती इलेक्ट्रॉनच्या झोतानं धातू वितळवायला. निर्वात पेटीत भुकटीचा थर पसरायचा, झोत चुंबकांनी फिरवत हवा तेवढाच भाग वितळवायचा, पाट खाली न्यायचा, पुन्हा थर. पेटीच्या आत सुमारे 700 अंश. ही धग वस्तूला वाकू देत नाही, पण आजूबाजूची न वितळलेली भुकटीही त्यामुळे धरते, ओलसर गुळासारखी. वस्तू बाहेर येते तेव्हा करड्या ढेपेत गाडलेली असते.

ती फोडायला त्याच टायटॅनियमच्या भुकटीचा मारा करतात. दुसरी वाळू चालत नाही, तिचा एक कणही जाळीत राहायला नको. पुढचा झगडा आतल्या भोकांशी. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक काडी ज्वारीच्या कणसासारखी दिसते, अर्धवट वितळलेले गोल दाणे अंगभर चिकटलेले. हा खडबडीतपणा हाडाला पकड देतो. पण धातूच्या थकव्याची चीर सुरू व्हायलाही अशाच जागा लागतात, आणि खुबा वर्षाला सुमारे दहा लाख पावलं सोसतो. आडव्या काड्यांचं पोटही लोंबतं, म्हणून जाणते लोक जाळीच उभी-तिरपी बेततात.

आर्कॅमच्या यंत्रावर घडलेल्या खुब्याच्या कृत्रिम वाटीला 2007मध्ये युरोपात मान्यता मिळाली. ती पहिली वाटी इटलीतल्या एका कंपनीची होती.

आता शस्त्रवैद्यांची तक्रार वेगळीच आहे. पुढे संसर्गापायी वाटी काढायची वेळ आली, तर ती सुटत नाही. वाटीच्या गोलाईला बेतलेली वाकडी छिन्नी कडेनं फिरवत हाड सोडवावं लागतं. निघालेली वाटी कापून, घासून भिंगाखाली धरली, की टायटॅनियम कुठे संपतं आणि हाड कुठे सुरू होतं ते रंगावरूनच ओळखायचं.