नामसाम्य आणि वेगचाचणी

चाचणीची गाडी आणि विक्रीची गाडी यांचे नाव एक असले, की त्या एकच होत, या गृहीतावर मोटारविषयक नियतकालिकांतील तुलना उभ्या असतात. ‘कार अँड ड्रायव्हर’ या अमेरिकन मासिकाने मार्च १९६४ च्या अंकात पाँटियाक जीटीओची तुलना फेरारी जीटीओशी केली. प्रत्यक्षात फेरारी चाचणीस आलीच नव्हती. पाँटियाकने ताशी ६० मैलांचा वेग ४.६ सेकंदांत गाठल्याची नोंद झाली. पुढे पाँटियाकचे जाहिराततज्ज्ञ जिम वँगर्स यांनीच कबूल केले, की त्या गाडीत ३८९ ऐवजी ४२१ घनइंची एंजिन बसविलेले होते. म्हणजे मोजलेली गाडी आणि ग्राहकाची गाडी यांत उरले ते केवळ नामसाम्य. घड्याळ अचूक असूनही तुलना अन्याय्य ठरू शकते, ती यामुळेच. नमुना ज्याने निवडावा, निष्कर्षही बहुधा त्याच्याच हाती राहतो.