जनुकीय चाचणी आणि महिला खेळाडूंचा न्याय

तमिळनाडूतील कुंभकोणमहून तंजावर ओलांडून दक्षिणेला सुमारे 100 किलोमीटर गेल्यावर पुदुकोट्टै परिसर लागतो. सरफोजी राजांच्या तंजावरमुळे हा टापू मराठी वाचकांना अपरिचित नाही. पुदुकोट्टै जिल्ह्यातील कत्तकुरिची या खेड्यात, वीटभट्टीवर राबणाऱ्या दलित कुटुंबात जन्मलेल्या शांती सौंदरराजन यांनी डिसेंबर 2006 मध्ये दोहा येथील आशियाई क्रीडास्पर्धेत 800 मीटर शर्यतीचे रौप्यपदक पटकावले. काही दिवसांतच ते काढून घेण्यात आले. त्यांनी कोणतेही उत्तेजक द्रव्य घेतले नव्हते. तसा आरोपही कोणी केला नव्हता. लिंगचाचणीत त्या अपात्र ठरल्या होत्या.

या घटनेला पुन्हा महत्त्व आले आहे ते जागतिक ॲथलेटिक्स महासंघाच्या नव्या नियमामुळे. जागतिक क्रमवारीसाठी ग्राह्य असलेल्या स्पर्धांत महिला गटातून उतरू इच्छिणाऱ्या प्रत्येक खेळाडूला 1 सप्टेंबर 2025 पासून आयुष्यात एकदा जनुकीय चाचणी देणे बंधनकारक झाले आहे. गालाच्या आतील बाजूचा किंवा रक्ताचा नमुना घेऊन त्यात 'एसआरवाय' हे जनुक आहे किंवा नाही, हे पाहिले जाते. हे जनुक सामान्यतः वाय गुणसूत्रावर असते आणि गर्भावस्थेत वृषणांची वाढ सुरू करून देते.

जनुकशास्त्र क्रीडाक्षेत्रात आणखी एका दारानेही आले. जागतिक उत्तेजक द्रव्यविरोधी संस्थेने, म्हणजे 'वाडा'ने, 2003 मध्ये जनुकीय उत्तेजनावर बंदी घातली. शरीरात बाहेरून जनुक सोडून तांबड्या पेशी वाढवायच्या किंवा स्नायू बळकट करायचे, असा हा प्रकार. तो पकडण्याची युक्ती मोठी सुबक आहे. मूळ जनुकात मजकुराच्या अधूनमधून निरुपयोगी भासणारे तुकडे असतात. प्रयोगशाळेत तयार केलेल्या जनुकात ते गाळलेले असतात. रक्तात अशी 'संपादित' प्रत सापडली की ती बाहेरून आली, हे सिद्ध होते. 2021 मधील टोकियो ऑलिम्पिकच्या वेळी ही तपासणी प्रथमच उपयोगात आणण्यात आली.

जनुकांच्या अभ्यासाने जुन्या चाचण्यांतील अन्यायही उघड केला. टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक बाहेरून घेतले आहे काय, हे लघवीतील एका गुणोत्तरावरून पडताळले जाते. स्वीडनमधील संशोधकांना असे आढळले की, 'यूजीटी2बी17' नावाचे जनुक ज्यांच्यात मुळातच नसते त्यांच्या लघवीत हे संप्रेरक अत्यल्प उतरते. अशा व्यक्तींचे प्रमाण कोरियन पुरुषांत सुमारे दोन तृतीयांश, तर स्वीडिश पुरुषांत दहा टक्क्यांहूनही कमी निघाले. अर्थात एकच मर्यादा सर्वांना लावल्यास एक दोषी सुटू शकतो आणि दुसरा निर्दोष संशयात सापडू शकतो. त्यावर उपाय म्हणून खेळाडूच्या नोंदींची तुलना इतरांशी न करता त्याच्याच पूर्वीच्या नोंदींशी करणारे 'जैविक पारपत्र' अस्तित्वात आले.

येथवर प्रश्न एकच होता: खेळाडूने काय केले? लिंगचाचणी विचारते तो प्रश्न निराळा आहे: खेळाडू जन्मतः कोण आहे? नमुना तसाच, प्रयोगशाळा तशीच, अहवालाची भाषाही तशीच. त्यामुळे जनतेच्या मनात दोन्ही गोष्टी एक होतात आणि अपात्र ठरलेली मुलगी लबाड ठरते.

जुनाच मार्ग, नवे जनुक

गुणसूत्रांवरून स्त्रीत्व ठरविण्याचा प्रयत्न ऑलिम्पिकमध्ये 1968 पासून झाला. स्पेनची अडथळा शर्यतपटू मारिया होसे मार्टिनेझ पातिन्यो हिच्या पेशींत 1985 मध्ये वाय गुणसूत्र आढळले. तिचे शरीर पुरुषी संप्रेरकांना प्रतिसादच देत नव्हते, म्हणजे त्यांचा लाभ तिला मिळणे शक्य नव्हते. तरीही तिच्यावर बंदी आली आणि तिचे विक्रम पुसले गेले. ती लढली व पुढे पुन्हा पात्र ठरली. 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये तपासलेल्या तीन हजारांहून अधिक महिलांपैकी आठ जणींचे निकाल वेगळे आले. अधिक तपासणीनंतर आठही जणींना खेळू देण्यात आले. 1999 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने ही सरसकट चाचणी बंद केली. संशय आल्यास तपासणीची वाट मात्र खुली राहिली आणि दोहात शांती तिथेच अडकल्या.

नव्या नियमात पातिन्योसारख्या खेळाडूंना सूट आहे, ही सुधारणा मान्य करायला हवी. महिला गट राखीव असला पाहिजे, अन्यथा पुरुषी संप्रेरकांचा लाभ मिळालेल्यांशी इतर मुलींना असमान झुंज द्यावी लागेल, हा महासंघाचा मुद्दाही टाकाऊ नाही. परंतु 1990 मध्ये 'एसआरवाय' जनुक शोधणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी अँड्र्यू सिंक्लेअर यांनीच 2025 मध्ये या वापराला विरोध दर्शविला. जनुक आहे, एवढेच चाचणी सांगते. ते काम करते काय आणि शरीर संप्रेरकाला प्रतिसाद देते काय, हे ती सांगत नाही.

दोन न्याय

ओडिशाची धावपटू दुती चंद हिने दोन्ही अनुभव घेतले आहेत. 2014 मध्ये संप्रेरकाची नैसर्गिक पातळी अधिक असल्याच्या कारणावरून तिला राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातून वगळण्यात आले. तिने लोझान येथील क्रीडा लवादाकडे दाद मागितली आणि जुलै 2015 मध्ये लवादाने तो नियमच स्थगित केला. पुढे डिसेंबर 2022 मधील नमुन्यांत बंदी असलेली द्रव्ये आढळल्याने 2023 मध्ये तिच्यावर चार वर्षांची बंदी घालण्यात आली. या दुसऱ्या प्रकरणात दुसरा नमुना तपासून घेण्याचा अधिकार होता, सुनावणी होती, शिक्षेला मुदत होती. शांतींना यातले काहीच मिळाले नाही. द्रव्य घेणाऱ्याची शिक्षा कधीतरी संपते. त्यांची संपली नाही.

2007 मध्ये त्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे वृत्त होते. तमिळनाडू सरकारने दिलेल्या 15 लाख रुपयांच्या बक्षिसातून त्यांनी गावाकडच्या मुलांना शिकविण्याचा प्रयत्न केला. 2012 मध्ये त्या पुन्हा वीटभट्टीवर मजुरी करीत असल्याचे समोर आले. त्यानंतर बंगळुरू येथे प्रशिक्षकपदाचे शिक्षण घेऊन त्या प्रशिक्षक झाल्या.

विशेष म्हणजे, जनुकीय माहितीच्या आधारे खेळाडूंची निवड अथवा भेदभाव करण्याला ठाम विरोध करणारे निवेदन 'वाडा'ने स्टॉकहोम येथे डिसेंबर 2005 मध्येच प्रसिद्ध केले होते. दोहाची शर्यत त्यानंतर अवघ्या एका वर्षाने झाली.

चाचणीचा निकाल एका व्यक्तीपुरता राहत नाही. बहिणी, मावश्या, होणारी मुले यांच्याबद्दलही तो काही सांगतो आणि खेड्यात अशी बातमी लग्नाच्या बोलणीपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. फ्रान्समध्ये कायद्यामुळे अशी चाचणी करता येत नसल्याने तेथील धावपटूंना ती परदेशात करून घ्यावी लागली. भारतात जनुकीय माहितीसाठी वेगळा कायदा नाही. 2022 चा राष्ट्रीय उत्तेजक द्रव्यविरोधी कायदा अपिलाची सोय देतो, पण ती द्रव्यांच्या प्रकरणांपुरतीच. पात्रतेचा निर्णय मान्य नसेल तर लोझानलाच जावे लागते. दुतीच्या वेळी भारतीय क्रीडा प्राधिकरण पाठीशी उभे राहिले आणि कॅनडातील वकिलांनी मोबदला न घेता तिची बाजू मांडली. शांतींच्या वतीने 2006 मध्ये अपील करण्यासाठी कोणतीही क्रीडासंस्था पुढे आली नव्हती.