रानातला फोन आणि उन्हाचा भरवसा

न्यूझीलंडला शिकायला किंवा नोकरीला गेलेली आपल्या बेटावरची मुले नाताळच्या सुट्टीत पाठीवर तंबू टाकून डोंगरात निघतात, आणि इकडे आईवडिलांचा जीव टांगणीला लागतो. "फोन बंद ठेवू नकोस" एवढेच सांगणे आपल्या हाती असते. मुलगा म्हणतो, "आई, उन्हावर चालणारा चार्जर घेतलाय." हा चार्जर कितपत कामाला येतो, ते आज पाहू.

सर्वांत आकर्षक दिसते ती झाकणावरच तळहाताएवढे सौर पॅनेल असलेली पॉवर बँक. वाचकहो, ती घेऊ नका. 10,000 मिलिअँपिअर-तासांच्या बँकेत सुमारे 37 वॅट-तास वीज मावते, आणि तेवढे पॅनेल कडक उन्हात जेमतेम एक-दीड वॅट देते. रोज पाच तास स्वच्छ ऊन लाभले तरी ती बँक भरायला आठवडा सहज जाईल. तोवर सुट्टी संपलेली असते!

पॅनेलची ताकद त्याच्या आकारात असते, खोक्यावर छापलेल्या आकड्यात नव्हे. भर उन्हात एका चौरस मीटरवर साधारण 1,000 वॅट ऊर्जा पडते आणि चांगले पॅनेल तिच्या पाचव्या हिश्श्याहून थोडी अधिक वीज करते. त्या हिशेबाने ए-फोर कागदाएवढ्या पॅनेलमधून फार तर 12-13 वॅट निघतील. तेवढ्यातच 30 वॅटचा दावा करणाऱ्या दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडावे. घडीचे 20 वॅटचे पॅनेल बरे. त्यातून प्रत्यक्षात 12-14 वॅट मिळाले तरी तीन-चार तासांत बँक भरते. फोन मात्र थेट पॅनेलला जोडू नये. ढग आला की भरणे तुटते आणि उन्हात फोन तापतो. दिवसा बँक भरावी, ती पॅनेलच्या सावलीत ठेवावी आणि रात्री तिच्यावरून फोन भरावा.

आता खरी अडचण ऊन मिळण्याची. प्रसिद्ध मिलफर्ड ट्रॅक 53.5 किलोमीटरचा, चार दिवसांचा. त्याच्या शेवटी असलेल्या मिलफर्ड साउंडला वर्षाला सहा मीटरहून अधिक पाऊस पडतो. आंबोली-महाबळेश्वरच्या तोडीचा हा पाऊस, पण तिथल्यासारखा चार महिने पडून थांबणारा नाही. ऐन उन्हाळ्यातही कोसळतो. वाटेचा बराच भाग बीचच्या दाट जंगलातून जातो. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर फांदीची सावली आली तरी सगळ्याची वीज घसरते. पाठीवरच्या पिशवीला पॅनेल टांगून चालणाऱ्यांची छायाचित्रे झोकदार असतात, वीज मात्र फारशी मिळत नाही. अशा वाटेवर आमच्या मते घरून पूर्ण भरलेली साधी बँक न्यावी. वजन पाव किलोच्या आत, आणि फोन विमान-स्थितीत ठेवून फक्त नकाशा व छायाचित्रांपुरता वापरला तर ती चार दिवस पुरते. (विमानात ही बँक हातातल्या सामानातच ठेवायची, हे विसरू नये.)

उलट नेल्सनकडे वर्षाला सुमारे 2,400 तास ऊन असते. जवळच्या एबल टास्मन किनाऱ्यावर समुद्राकाठी तंबू ठोकून चार दिवस एकाच जागी राहणाऱ्यांना घडीचे पॅनेल खरोखर उपयोगी. डिसेंबरात दिवस पंधरा तासांचा. महाराष्ट्रात छतावरची पॅनेले दक्षिणेकडे तोंड करून असतात. इथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, म्हणून पॅनेलही उत्तरेकडे कलते ठेवावे.

आणि आईवडिलांसाठी महत्त्वाचे: भरलेला फोन म्हणजे लागणारा फोन नव्हे. मिलफर्डच्या वाटेवर मोबाइलचे जाळेच नाही. डिसेंबर 2024 पासून तिथल्या एका कंपनीने उपग्रहामार्गे लघुसंदेशाची सोय सुरू केली आहे, पण त्यासाठी तिचीच जोडणी, योग्य फोन आणि मोकळे आकाश लागते. पाय मोडला, नदी चढली, तर कामाला येतो तो 406 मेगाहर्ट्झवर संकटसंदेश पाठवणारा हातातला बीकन. त्याचा संदेश उपग्रहावरून थेट बचाव केंद्राकडे जातो आणि त्याची स्वतःची बॅटरी किमान 24 तास चालते. तो भाड्यानेही मिळतो. मुलाला पैसे पाठवायचेच असतील तर आधी या बीकनसाठी पाठवा, चार्जरचे मग बघता येईल. आणि अमुक दिवशी परतणार, हे निघण्यापूर्वी कुणाला तरी सांगून जायला लावा.

पॅनेल नेलेच, तर राखण करावी लागते. दक्षिण बेटाच्या डोंगरात किआ नावाचा हिरवा पोपट आहे. माणसांच्या बुटांचे रबर, तंबूचे कापड, गाडीच्या काचेभोवतीची पट्टी, सारे तो चोचीने सोलून काढतो. उन्हात पसरलेले पॅनेल आणि त्याची लोंबती वायर टाकून कुणी अंघोळीला गेले, तर परत आल्यावर काय शिल्लक असेल ते किआच ठरवणार.